पायी वारी आणि रक्तशर्करा : इन्सुलिन घेणाऱ्या मुलांच्या दीर्घ श्रमांविषयी

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा मला फार विचार करावा लागला नाही. एक विषय अनेक वर्षे मनात सलत होता. त्यात माझ्या हातून राहून गेलेली एक गोष्ट आहे, तिच्यापासून मिळालेला धडा आहे आणि आपल्या सीमाभागातील घराघरांशी त्याचा संबंध आहे. लेख व्यवसायबंधूंबरोबरच समाजातील इतर वाचकांच्याही हाती पडणार असल्यामुळे शक्य तेवढ्या सोप्या भाषेत लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून आषाढी-कार्तिकीला पायी पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांची परंपरा जुनी आहे. तरुण मंडळी पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ही दोन दिवसांची पदभ्रमंती करतात. कोणी सौंदत्तीला चालत जातो, कोणी जोतिबाला. अलीकडे लांब पल्ल्याची सायकलफेरी आणि मॅरेथॉन यांचीही आवड वाढली आहे. वैद्यकाच्या दृष्टीने हे सारे एकाच जातीचे श्रम होत : मध्यम गतीचे आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस चालणारे. निरोगी माणसाला त्यातून थकवा येतो आणि समाधान मिळते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला मात्र त्याआधी थोडे गणित करावे लागते. ते गणित चुकले तर काय होते, हे प्रथम सांगतो.

एका वारीची हकीकत

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. निपाणीजवळच्या एका खेड्यातील बारा वर्षांचा मुलगा माझ्याकडे उपचार घेत असे. वयाच्या आठव्या वर्षी त्याला टाइप-१ मधुमेह झाला होता. वडील थोड्या शेतीत तंबाखू करीत, आई विड्या वळीत असे. परिस्थिती बेताची असूनही दोन्ही वेळची इन्सुलिनची सुई त्यांनी कधी चुकविली नव्हती. सकाळी आणि रात्रीच्या जेवणाआधी साधे इन्सुलिन आणि मध्यम मुदतीचे एनपीएच इन्सुलिन एकत्र भरून दिले जाई.

कार्तिकीच्या आधी एके दिवशी मुलाचे आजोबा त्याला घेऊन आले. ते जुने वारकरी होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, औंदाची वारी बहुतेक शेवटची. नातू संगती असावा असं वाटतंय. नेऊ का?"

त्या काळी अनेक डॉक्टर अशा वेळी सरळ नकार देत. मी नकार दिला नाही, आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. मुलाची प्रकृती तपासली, सकाळच्या इन्सुलिनची मात्रा एक तृतीयांशाने कमी करून दिली, खिशात साखर आणि बिस्किटे ठेवायला सांगितली, थरथर किंवा घाम आला तर लगेच साखर खायची, हे मुलाला आणि आजोबांना समजावून दिले. ग्लुकोमीटर त्यांच्याकडे होता. आवश्यक ते सर्व सांगितले, असे मला वाटले.

पहिल्या दिवशी मुलगा चोवीस-पंचवीस किलोमीटर चालला. वाटेत कोठेही त्रास झाला नाही. चिकोडीच्या अलीकडे एका शाळेत मुक्काम पडला. जेवणाआधी रक्तशर्करा ११८ मिलिग्रॅम भरली. आकडा उत्तम आहे असे पाहून आजोबांनी रात्रीचे इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत दिले. मुलगा भाकरी-आमटी जेवला, भजनात थोडा वेळ बसला आणि झोपी गेला.

रात्री अडीचच्या सुमारास आजोबांना जाग आली. कार्तिकातील थंडी, आणि नातवाचा सदरा घामाने चिंब भिजलेला. हाका मारल्या तर नुसतेच कण्हणे. थोड्याच वेळात त्याला झटका आला. जमलेल्यांपैकी कोणीतरी घाईने साखरेचे पाणी तोंडात ओतले, ते नरड्यात गेले आणि ठसका लागून मुलगा निळसर पडू लागला. सुदैवाने जीप मिळाली. जवळच्या रुग्णालयात तपासणी केली तेव्हा रक्तशर्करा २८ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पहाटेपर्यंत तो शुद्धीवर आला.

सकाळी वडिलांचा दूरध्वनी आला. त्यांनी तक्रार केली नाही. उलट, "आमचं काय चुकलं, डॉक्टर?" असे विचारले. मी सारी हकीकत ऐकून घेतली आणि माझ्या लक्षात आले, की मी सांगितलेले सर्व काही त्यांनी केले होते. चूक होती ती मी न सांगितलेल्या गोष्टीत. दिवसभराच्या चालण्याचा विचार मी केला होता. त्या चालण्यानंतर येणाऱ्या रात्रीचा केला नव्हता.

आजोबा त्या वर्षी पंढरपूरला पोहोचले नाहीत. नातवाला घेऊन ते परत फिरले. पुढची कार्तिकी त्यांना लाभली नाही.

श्रमात शरीर काय करते?

निरोगी मनुष्य चालू लागला की त्याच्या स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन आपोआप कमी होते आणि ग्लुकॅगॉन हे संप्रेरक वाढते. यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडू लागते. स्नायू जेवढी साखर ओढतात, जवळजवळ तेवढीच यकृत पुरविते. त्यामुळे तासन् तास चालूनही रक्तातील पातळी फारशी हलत नाही.

टोचून घेतलेल्या इन्सुलिनचे तसे नसते. एकदा त्वचेखाली गेलेले इन्सुलिन श्रम सुरू झाले म्हणून मागे घेता येत नाही. ते यकृताला साखर सोडू देत नाही आणि स्नायूंना साखर ओढायला लावते. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही साखर आत घेऊ शकतो. म्हणजे खर्च दोन्ही बाजूंनी वाढतो आणि जमा मात्र अडून राहते. त्यात उन्हामुळे आणि स्नायूंच्या हालचालीमुळे त्वचेखालील इन्सुलिन अधिक वेगाने रक्तात उतरते. चालण्यापूर्वी मांडीत सुई देऊ नये, पोटावर द्यावी, असे आपण सांगतो त्याचे कारण हेच.

मोठ्या माणसाच्या यकृतात साधारण शंभर ग्रॅम आणि स्नायूंमध्ये चारशे ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजनच्या रूपाने साठविलेली असते. मुलांमध्ये ती अर्थातच कमी असते. दीर्घ श्रमांत ही कोठारे रिकामी होत जातात.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कबड्डी, खो-खो किंवा शंभर मीटरची धाव यांसारख्या थोड्या वेळाच्या जोरकस श्रमांत ॲड्रिनॅलिनमुळे रक्तशर्करा काही काळ वाढूही शकते. त्या वाढीवर घाईने जादा इन्सुलिन दिल्यास पुढे ती धोकादायकरीत्या उतरते. या लेखाचा विषय मात्र दमाने, दीर्घ काळ चालणाऱ्या श्रमांचा आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

हा विषय नवा नाही. अमेरिकेतील बोस्टन येथे १९२४ साली मॅरेथॉन संपविलेल्या धावपटूंचे रक्त तपासण्यात आले. हे धावपटू मधुमेही नव्हते. तरीही त्यांपैकी काहींची रक्तशर्करा बरीच खाली गेलेली आढळली, आणि ज्यांची ती अधिक उतरली होती त्यांची शेवटची अवस्थाही अधिक वाईट होती. पुढच्या वर्षी, १९२५ साली, त्याच शर्यतीत काही धावपटूंना आधीच्या दिवशी पिष्टमय आहार आणि धावताना गोड गोळ्या देण्यात आल्या. त्यांची रक्तशर्करा टिकून राहिली आणि ते चांगल्या स्थितीत पोहोचले.

इन्सुलिन माणसाला प्रथम दिले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये. चारच वर्षांनी, १९२६ साली, स्वतः इन्सुलिन घेणारे लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम वाढतो, हे दाखवून दिले. बोस्टनचे डॉ. जॉस्लिन हे मधुमेहाच्या उपचाराला तीन घोड्यांच्या रथाची उपमा देत. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे ते तीन घोडे. तिसऱ्या घोड्याला तबेल्यात बांधून ठेवा, असे त्यांनी कधीच सांगितले नाही.

आपल्या वाचकांना अधिक परिचयाची दोन उदाहरणे देतो. वसीम अक्रमला १९९७ साली मधुमेहाचे निदान झाले. त्यानंतरही तो वेगवान गोलंदाजी करीत राहिला आणि २००३ च्या विश्वचषक स्पर्धेत त्याने एकदिवसीय सामन्यांतील पाचशेवा बळी घेतला. इंग्लंडचा नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यालाही १९९७ मध्येच मधुमेह झाला आणि इन्सुलिन घेत त्याने २००० साली सिडनी येथे पाचवे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. तेव्हा मधुमेह आहे म्हणून मुलाला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी या नावांची आठवण ठेवावी.

रात्र वैऱ्याची

आता त्या मुलाच्या रात्रीकडे वळू. चालणे थांबले तरी स्नायूंचे काम थांबत नाही. रिकामी झालेली कोठारे भरण्यासाठी ते रात्रभर रक्तातील साखर ओढत राहतात आणि इन्सुलिनला नेहमीपेक्षा अधिक प्रतिसाद देतात. हा परिणाम चोवीस तासांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ टिकतो. दुपारी व्यायाम केलेल्या किशोरवयीन मुलांवरील अभ्यासात असे आढळले, की त्यांची साखरेची गरज एकदा व्यायामाच्या वेळी वाढते आणि पुन्हा एकदा सात ते अकरा तासांनी, म्हणजे मध्यरात्रीनंतर वाढते.

त्या मुलाला रात्री आठच्या सुमारास दिलेले एनपीएच इन्सुलिन साधारण याच वेळी आपल्या जोराच्या शिखरावर होते. एकीकडे तहानलेले स्नायू, दुसरीकडे पूर्ण मात्रेतील इन्सुलिन आणि मध्ये झोपलेले मूल. झोपेत कमी साखरेची लक्षणे कळत नाहीत आणि ॲड्रिनॅलिनचा प्रतिसादही मंद असतो. संध्याकाळचा ११८ हा आकडा एरवी चांगलाच. पण दिवसभर चालून आलेल्या मुलात तो उतरणीवरचा आकडा होता, हे ओळखायला हवे होते.

अनेक दिवसांच्या वारीत आणखी एक गोष्ट घडते. आज रक्तशर्करा एकदा फार खाली गेली, तर उद्या तशीच वेळ आल्यावर शरीर इशारा देण्यात कमी पडते. घाम, थरथर, धडधड ही लक्षणे बोथट होतात. म्हणून दुसरा दिवस पहिल्यापेक्षा आणि तिसरा दुसऱ्यापेक्षा अधिक सांभाळायचा असतो. मागील चोवीस तासांत शुद्ध हरपण्याइतकी साखर उतरली असेल, तर त्या दिवशी चालणे नाही, गाडीत बसायचे, हा नियम कोणाच्याही आग्रहाखातर मोडू नये.

निघण्यापूर्वी

वारीला किंवा मोहिमेला जाण्याआधी किमान तीन-चार आठवडे डॉक्टरांना भेटावे. सरावासाठी रोज थोडे चालून किती अंतरात किती साखर उतरते, याची वही ठेवावी. प्रत्येक मुलाचा प्रतिसाद वेगळा असतो आणि ही वही कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाची ठरते.

दिवसभराच्या अनोळखी श्रमांसाठी, उदाहरणार्थ लांब चालण्यासाठी, मूळ इन्सुलिनची मात्रा ३० ते ५० टक्के कमी करावी लागू शकते, असे बालमधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. नेमकी किती कमी करायची हे त्या मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवावे. मात्र टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन पूर्ण बंद कधीही करू नये. "आज खूप चालायचे आहे, सुई नको," हा विचार घातक आहे. इन्सुलिनच नसेल तर श्रमाने साखर उतरण्याऐवजी वाढते, कीटोन तयार होतात आणि मूल उलट्या करीत अत्यवस्थ होते.

सोबतच्या पिशवीत ग्लुकोमीटर, पुरेशा पट्ट्या, इन्सुलिन, सुया, ग्लुकोजची पूड किंवा साखर, बिस्किटे आणि पाणी असावे. या वस्तू मुलाच्या अंगावरच्या पिशवीत हव्यात. सामानाच्या ट्रकमध्ये ठेवलेली साखर तीन किलोमीटर मागे राहते आणि उपयोगाची नसते. इन्सुलिनसाठी ओल्या फडक्याने गुंडाळलेले लहान मातीचे मडके अजूनही उत्तम काम करते. कुपी थेट बर्फावर ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

आपल्या भागासाठी मी आणखी एक सूचना नेहमी करतो. मुलाच्या गळ्यात किंवा खिशात एक कार्ड असावे आणि ते मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहिलेले असावे. "मला मधुमेह आहे. मी इन्सुलिन घेतो. मी गोंधळलेला दिसलो तर साखर द्या. बेशुद्ध असलो तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या." खाली पालकांचा दूरध्वनी क्रमांक. कागवाड ओलांडले की राज्य बदलते, मदतीला धावणाऱ्या माणसाची भाषाही बदलू शकते. रक्तशर्करेला सीमा ठाऊक नसते. रुग्णवाहिकेसाठीचा १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो, हेही कार्डावर लिहून ठेवावे.

वाटेवर

चालायला लागण्यापूर्वी रक्तशर्करा १२६ ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असणे चांगले. ती ९० च्या खाली असेल तर आधी दहा ते वीस ग्रॅम साखर घेऊन पातळी वर येईपर्यंत थांबावे. ९० ते १२५ असेल तर दहा ग्रॅमच्या आसपास साखर घेऊन निघावे. २७० च्या वर असेल आणि त्याचे कारण उमगत नसेल तर कीटोन तपासावेत. ते वाढलेले असल्यास चालू नये.

वाटेत भूक लागण्याची वाट पाहू नये. इन्सुलिन योग्य प्रमाणात कमी केलेले असेल तर मुलाच्या प्रत्येक किलो वजनामागे तासाला ०.३ ते ०.५ ग्रॅम कर्बोदके साधारण पुरतात. चौतीस किलोच्या मुलासाठी हे तासाला दहा ते सतरा ग्रॅम होतात, म्हणजे एक लहान केळे किंवा तीन-चार साधी बिस्किटे. इन्सुलिन कमी केलेले नसेल आणि ते ऐन जोरात असेल, तर हीच गरज किलोमागे एक ते दीड ग्रॅमवर जाते. एवढे खाऊन चालणे मुलाला जड जाते. आधी इन्सुलिन कमी करणे श्रेयस्कर, ते यासाठी.

वारीच्या वाटेवर भाविक प्रेमाने केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, सरबत वाटतात. त्याला नाही म्हणण्याचे कारण नाही, पण कशाचा उपयोग कशासाठी हे समजून घ्यावे. केळे आणि बिस्किट चालताना उपयोगी. शेंगदाण्याची चिक्की स्निग्धांशामुळे हळू पचते, ती रात्रीसाठी ठेवावी. साखर एकदम उतरली तर मात्र ग्लुकोज, साखर किंवा साखरेचे सरबतच हवे. तेथे चिक्की, लाडू किंवा चॉकलेट कामाला येत नाही.

रक्त तपासण्यापूर्वी हात पाण्याने धुवावेत. केळे सोललेल्या किंवा लाडू खाल्लेल्या बोटावरील साखर थेंबात मिसळली तर आकडा खोटा वाढलेला दिसतो आणि खरी घसरण लपते. पट्ट्या महाग आहेत, याची मला जाणीव आहे. तरीही निघताना, मधल्या विसाव्याला, मुक्कामी पोहोचल्यावर, झोपताना आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास, असे किमान पाच वेळा तपासावेच. आता दंडावर चिकटवून सतत साखर दाखविणारे सेन्सर मिळतात. ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर वापरावेत. परंतु चालताना सेन्सरचा आकडा रक्तातील खऱ्या आकड्याच्या काही मिनिटे मागे असतो. बाण खाली वळलेला दिसला की आकडा बरा असला तरी खावे, आणि शंका आली तर बोटातून तपासावे.

रक्तशर्करा ७० च्या खाली गेली किंवा लक्षणे दिसली की जागीच थांबावे. किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे तीस-चौतीस किलोच्या मुलाला दहा ग्रॅम, सुमारे दोन चहाचे चमचे साखर द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. "पुढच्या झाडाखाली बसू" असे म्हणू नये.

मुक्कामी

माझ्या हातून जो भाग सुटला तो हा. चालून आल्यावर रात्रीचे मूळ इन्सुलिन साधारण २० टक्के, आणि खूप चालणे झाले असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याहूनही अधिक, कमी करावे. रात्रीचे जेवण पोटभर असावे. भाकरी, भात, आमटी, दूध हे आपले नेहमीचे अन्नच योग्य. झोपताना साखर १२६ च्या खाली असेल तर जादा इन्सुलिन न देता दूध-बिस्किटे, भाकरीचा तुकडा किंवा चिक्की असे दहा-पंधरा ग्रॅम कर्बोदकांचे खाणे द्यावे. रात्री एकदा उठून तपासावे आणि मुलाच्या शेजारी जबाबदार व जागरूक माणसाने झोपावे. थंडीत घाम, झोपेत बरळणे, कण्हणे, सकाळी डोके जड असणे या खुणा दुर्लक्षू नयेत.

एकादशीच्या उपवासाविषयी पालक संकोचाने विचारतात. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने चालण्याच्या दिवशी निरंकार उपवास करू नये, असे मी स्पष्ट सांगतो. फराळ करायचा असेल तर वरई, साबुदाणा, बटाटा, केळे, दूध हे सर्व कर्बोदकांचेच पदार्थ आहेत. साबुदाणा साखर लवकर वाढवितो, एवढे लक्षात ठेवून मात्रा ठरवावी. आजारी माणसाला व्रताचा आग्रह आपल्या परंपरेतही नाही.

शुद्ध हरपल्यास

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात पाणी, साखर, मध काहीही घालू नये. त्या रात्री साखरेच्या पाण्याने दुसरा अपघात होता होता टळला. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडातील लाळ-अन्न बाहेर येऊ द्यावे आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे. ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन जवळ असेल आणि ते देण्याचे शिक्षण घेतलेले असेल तर द्यावे. आपल्याकडे ते सर्वत्र सहज मिळत नाही, म्हणून जवळचा दवाखाना कोठे आहे हे प्रत्येक मुक्कामावर आधीच विचारून ठेवावे.

मोठ्या वारकऱ्यांसाठी चार शब्द

मी बालरोगतज्ज्ञ, तरी मुलांबरोबर येणारे आजी-आजोबा आपल्या गोळ्यांविषयी विचारतातच. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांचीही साखर श्रमाने धोकादायक उतरू शकते आणि पुन्हा पुन्हा उतरत राहते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवीवाटे पाणी व साखर जाते, उपवास आणि उन्हात त्यांचा वेगळा धोका असतो. निघण्यापूर्वी या गोळ्यांबाबत आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. हृदय आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेही व्यक्तीने अनवाणी चालण्याचा नवस करू नये. रोज मुक्कामी तळपाय पाहावेत, दिसत नसतील तर दुसऱ्याला पाहायला सांगावे.

व्यवसायबंधूंना विनंती

आपल्या भागात अनेक मुले अजूनही दिवसातून दोन वेळा एनपीएच-साधे किंवा तयार मिश्र इन्सुलिन घेतात. तयार मिश्रणात एकच घटक कमी करता येत नाही, म्हणून वारीपूर्वी काही आठवडे दोन्ही इन्सुलिने वेगवेगळी द्यावीत. ती अधिक सुरक्षित ठरतात. जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन चालण्याच्या आधीच्या दोन तासांत पडत असेल तर ते निम्म्याने किंवा अधिक कमी करावे. डेग्लुडेकसारख्या अतिदीर्घ मुदतीच्या इन्सुलिनमध्ये बदल करायचा तर तो दोन-तीन दिवस आधीपासून करावा लागतो. रक्तातील कीटोन १.५ मिलिमोल किंवा अधिक असतील तर चालण्यास परवानगी देऊ नये.

बेशुद्ध अवस्थेत आलेल्या मुलास १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिलिलिटर सावकाश द्यावे. २५ किंवा ५० टक्क्यांचे द्रावण लहान शिरांना जाळते. ग्लुकॅगॉनची मात्रा २५ किलोपर्यंत अर्धा आणि त्यापुढे एक मिलिग्रॅम. मूल शुद्धीवर आले म्हणून लगेच पाठवू नये, पुढील काही तास साखर पुन्हा उतरण्याचा संभव असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चिठ्ठीवर सकाळच्या मात्रेबरोबर रात्रीची मात्राही लिहावी. दिंडीबरोबर आरोग्य पथक जात असेल तर त्याच्या पेटीत ग्लुकोमीटर आणि १० टक्के डेक्स्ट्रोज आहे ना, हे आपण विचारावे.

समारोप

त्या घटनेनंतर दोन वर्षांनी तोच मुलगा वडिलांसह पुन्हा आला. "आजोबांची राहिलेली वारी करायची आहे," असे तो म्हणाला. या वेळी आम्ही महिनाभर वही ठेवली. दिवसाची आणि रात्रीची मात्रा स्वतंत्र लिहून दिली. वडिलांनी आठही रात्री घड्याळाचा गजर लावून अडीच वाजता त्याचे बोट टोचले. दोनदा साखर सत्तरीच्या जवळ सापडली आणि दूध-बिस्किटांवर भागले. मिरज, सांगोला करीत जवळपास दोनशे किलोमीटर चालून तो पंढरपूरला पोहोचला. आता तो कमावता झाला आहे, वारी त्याने सोडलेली नाही, आणि अडीच वाजता स्वतःच उठतो.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला चालू द्यावे की नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर तेव्हाही "द्यावे" असे होते आणि आजही तेच आहे. फक्त आता मी चिठ्ठी लिहिताना आधी रात्रीची मात्रा लिहितो आणि मग सकाळची. वाचकांपैकी ज्यांच्या घरी, वर्गात किंवा दवाखान्यात असे मूल असेल, त्यांनी एवढी एक सवय लावून घ्यावी, ही नम्र विनंती.